प्रत्येक विद्यार्थ्याला दोन गुंठे आणि दोन अख्खे हंगाम द्या

प्रति,
मा. महासंचालक, महाराष्ट्र कृषी शिक्षण व संशोधन परिषद, पुणे
आणि
राहुरी, अकोला, परभणी व दापोली येथील चारही कृषी विद्यापीठांचे मा. कुलगुरू

विषय : बी.एस्सी. (कृषी) पदवीत विद्यार्थ्यांना स्वतःच्या हाताने पूर्ण पीक घ्यायला मिळावे याबाबत.

सन्माननीय महोदय,

आमच्या गावात दरवर्षी खरिपात रावेची, म्हणजे कृषी पदवीतल्या ग्रामीण कार्यानुभव कार्यक्रमाची, मुलंमुली येतात. गळ्यात ओळखपत्र, अंगात सारखे शर्ट. ग्रामपंचायतीच्या पटांगणात रांगोळीने गावाचा नकाशा काढतात, शाळेत झाडं लावतात, बीजप्रक्रिया आणि बोर्डो मिश्रणाचं प्रात्यक्षिक दाखवतात. गेल्या खरिपात एका मुलीने आमच्या आळीत निंबोळी अर्क करून दाखवला. पाच किलो निंबोळी पावडर, दहा लिटर पाणी, रात्रभर भिजवायचं, गाळायचं, साबणाचं पाणी घालून शंभर लिटर करायचं. एकही आकडा चुकला नाही. आवाज खणखणीत, मांडणी नीटनेटकी. सगळं झाल्यावर शेजारच्या आजींनी विचारलं, "फवारल्यावर किती दिसानं अळी कमी झाली गं माय?" मुलगी क्षणभर थांबली आणि म्हणाली, "आजी, आम्ही फवारून नाही पाहिलं अजून."

ती खरं बोलली, याचं मला कौतुक वाटलं. पण तेव्हा ती सातव्या सत्रात होती. तीन वर्षं शेतीचं शिक्षण घेऊन झालं होतं, पुढच्या वर्षी तिच्या हातात कृषी पदवी पडणार होती. आणि आजवर एकही पीक तिने पेरणीपासून मळणीपर्यंत स्वतःच्या निर्णयाने घेतलेलं नव्हतं. तिच्याबरोबर आलेल्या बाकीच्यांना विचारलं, तर घरची शेती असलेली दोन-तीन मुलं सोडता सगळ्यांचं तेच.

मी स्वतः कृषी पदवीधर आहे आणि शेती करते. म्हणून हे पत्र रागाने लिहीत नाही, हक्काने लिहिते. ही महाविद्यालयं आमची आहेत. अकोल्याला कृषी विद्यापीठ व्हावं म्हणून १९६७ साली लोक रस्त्यावर उतरले, गोळीबारात माणसं गेली. परभणीच्या विद्यापीठासाठीही मराठवाड्याला झगडावं लागलं आणि १९७२ साली ते मिळालं. इतकं मोल देऊन मिळवलेल्या विद्यापीठांच्या रानात आमची मुलं चार वर्षं राहतात आणि त्या रानाला हात न लावता बाहेर पडतात, ही गोष्ट मनाला लागते.

माझं मागणं एकच आहे. प्रत्येक विद्यार्थ्याला महाविद्यालयाच्या प्रक्षेत्रावर, म्हणजे शेतावर, त्याच्या नावाचे दोन गुंठे द्या, आणि त्या दोन गुंठ्यांत एक खरीप आणि एक रब्बी, असे दोन पूर्ण हंगाम त्याच्या हातून जाऊ द्या. पेरायचं काय आणि कधी, खत किती, फवारणी करायची की थांबायचं, काढणी कोणत्या दिवशी, विकायचं कुठे, हे सगळं त्याने ठरवावं. शिक्षकांनी सांगावं, अडवावं, विचारावं. पण निर्णय विद्यार्थ्याचा आणि हिशेबही त्याचाच.

यात नवीन काही नाही, हे आपल्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या पाचव्या अधिष्ठाता समितीने जो अभ्यासक्रम दिला, त्यात 'प्रात्यक्षिक पीक उत्पादन' नावाचे दोन विषय आहेत, एक खरिपाचा आणि एक रब्बीचा. त्यात काय शिकवायचं तेही लिहिलेलं आहे : पिकाचं नियोजन, जमिनीची तयारी, बीजप्रक्रिया, पेरणी, खत-पाणी-तण व्यवस्थापन, कीड-रोग, काढणी, मळणी, वाळवणी, उफणणी, साठवण आणि विक्री. शेवटी प्रत्येक विद्यार्थ्याचा आणि आठ-दहा जणांच्या गटाचा ताळेबंद, लागवडीचा खर्च आणि निव्वळ नफा. ज्यांनी हे लिहिलं त्यांना शेती कळत होती. कागदावर जे आहे तेवढंच प्रामाणिकपणे झालं असतं, तर मला हे पत्र लिहावं लागलं नसतं.

प्रत्यक्षात काय होतं? मला अनेक महाविद्यालयांतली मुलं सांगतात ते जवळपास सारखंच आहे. साठ मुलांच्या तुकडीला एक पट्टा मिळतो. नांगरट, वखरणी प्रक्षेत्र विभागाचा ट्रॅक्टर करून टाकतो. पेरणीच्या दिवशी सगळे बांधावर उभे राहतात, पाच-सहा जण पाभरीमागे चालतात, फोटो निघतो. नंतर आठवड्यातून एकदा दोन तासांचं प्रात्यक्षिक. मंगळवारी दुपारी ही तुकडी, बुधवारी ती. मधल्या दिवसांत खुरपणी मजूर करतात, फवारणीही तेच करतात, पाणी कोण सोडतो ते मुलांना माहीत नसतं. काढणीच्या वेळी एक तर परीक्षा असते नाही तर दिवाळीची सुट्टी. जर्नल मात्र सगळ्यांचं पूर्ण असतं, कारण ते सीनियरच्या जर्नलवरून उतरवलेलं असतं. कीटक संग्रहाची पेटीसुद्धा एका तुकडीकडून दुसरीकडे जाते.

दोन तासांत शेती का शिकता येत नाही, ते सोयाबीनवरूनच सांगते. आमच्याकडे तेच सगळ्यात जास्त आहे.

जूनच्या आधी घरच्या बियाण्याची उगवण तपासायची. गोणपाटाचा तुकडा ओला करायचा, त्यावर दहा-दहाच्या ओळीत शंभर दाणे मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, दिवसाआड पाणी शिंपडायचं. सात-आठ दिवसांनी उघडून मोजायचे. सत्तर चांगले उगवले तर बियाणं पेरण्याजोगं. साठच निघाले तर? बियाण्याचं प्रमाण वाढवायचं की ते बाजूला ठेवून दुसरं विकत आणायचं? वर्गात या प्रश्नाला दोन गुण असतात. स्वतःचे दोन गुंठे असले की तोच प्रश्न रात्री झोपू देत नाही. पुढे पाऊस येतो. ७५ ते १०० मिलिमीटर झाल्याशिवाय पेरू नका, अशी शिफारस आहे. पन्नास झालाय, आभाळ भरलेलं आहे, शेजारच्या गटाने पेरून टाकलं आहे. थांबायचं? इथे थांबणं किती अवघड असतं हे ज्याने अनुभवलंय, तोच उद्या शेतकऱ्याला 'थांबा' सांगताना नीट शब्द वापरेल. शेतकरी दुबार पेरणीला अडाणीपणामुळे सामोरा जातो, असं त्याला वाटणार नाही.

मग चक्री भुंगा. पेटीत टाचणी मारलेला भुंगा सगळ्यांनी पाहिलेला असतो. रानात तो असा समोर येत नाही. सकाळी फिरताना एखाद्या झाडाचा शेंडा मान टाकल्यासारखा दिसतो. पाणी कमी पडलं असेल असं वाटतं. वाकून देठ किंवा फांदी बघितली की एकमेकींपासून थोड्या अंतरावर दोन बारीक खाचा दिसतात, सुरीने गोल कोरल्यासारख्या. मादी त्या दोन खाचांच्या मध्ये अंडी घालते, म्हणून वरचा भाग सुकतो. तिथे मोडून उभं चिरलं तर आत पिवळसर अळी सापडते, खोड पोखरत खाली निघालेली. हे पहिल्याच आठवड्यात दिसलं तर तेवढे शेंडे खुडून नष्ट करता येतात, औषध वाचतं. पुढच्या मंगळवारी दिसलं तर उशीर झालेला असतो. रोज सकाळी आपल्या तुकड्यात चक्कर मारायची सवय हेच या कामातलं निम्मं ज्ञान आहे, आणि आठवड्याच्या वेळापत्रकात त्या सवयीला जागाच नाही.

आता वेळापत्रकाचं. हा या पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे आणि हा पूर्णपणे आपल्या हातात आहे.

सीईटीचा निकाल, प्रवेशाच्या फेऱ्या, कागदपत्रं, रिक्त जागांची फेरी, असं करता करता पहिल्या वर्षाचे वर्ग सुरू व्हायला ऑगस्ट उलटतो, कधी सप्टेंबर उजाडतो. मृग, आर्द्रा कधीच सरलेली असतात. म्हणजे पहिला खरीप गेला. पाचव्या समितीच्या रचनेत सातवं सत्र रावेचं, ते गावात जातं. आठवं सत्र अनुभवाधारित शिक्षणाचं, ते उन्हाळ्यात संपतं. राहिले दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाचे दोन खरीप. त्या वर्षांची सत्रंही जुलैच्या मध्यावर किंवा त्यानंतर सुरू झाली, तर पेरणीची वेळ टळलेली असते. खरिपाचा विषय शिकवायचा म्हणून उशिरा पेरलेलं, पिवळं पडलेलं पीक दाखवायचं. चार वर्षांच्या कृषी पदवीत वेळेवर पेरलेला एकही खरीप येत नसेल, तर त्या पदवीच्या दिनदर्शिकेत मोठी चूक आहे.

सहाव्या अधिष्ठाता समितीचा नवा अभ्यासक्रम २०२४-२५ पासून आला. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाप्रमाणे त्यात पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र आणि दुसऱ्या वर्षानंतर पदविका घेऊन बाहेर पडायची सोय आहे. कौशल्यवर्धनाच्या विषयांवर भर आहे, ही चांगली गोष्ट आहे. पण सप्टेंबरात प्रवेश घेतलेला मुलगा एका वर्षाने शेतीचं प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडला, तर त्याने खरिपाची पेरणी बघितलेली तरी असेल का? इंटर्नशिपच्या आठवड्यांनी ही उणीव भरून निघणार नाही. कोणत्याही पिकाला त्याचे दिवस लागतात. सोयाबीनला शंभर, तुरीला दीडशेच्या पुढे. परभणी विद्यापीठाचीच शिफारस आहे की चार ओळी सोयाबीन आणि दोन ओळी तूर घ्यावी. ते आंतरपीक घेतलेला विद्यार्थी जूनमध्ये पेरेल, ऑक्टोबरात सोयाबीन काढेल आणि तूर डिसेंबर-जानेवारीत. त्याचं एक पीक एका सत्रात मावतच नाही. मग गुणही एका सत्रात कसे द्यायचे? दोन सत्रांत मिळून द्या. संगणकाच्या प्रणालीत ते बसवता येत नाही, असं उत्तर मला एका ठिकाणी मिळालं आहे. प्रणाली बदलता येते, तुरीचे दिवस बदलता येत नाहीत.

जमिनीचं म्हणाल तर हिशेब साधा आहे. साठ विद्यार्थी गुणिले दोन गुंठे म्हणजे एकशे वीस गुंठे, म्हणजे तीन एकर. मधल्या वाटा आणि चर धरून साडेतीन-चार. एकशे वीस विद्यार्थ्यांची तुकडी असेल तर सात-आठ एकर. कृषी महाविद्यालयाच्या प्रक्षेत्रातून एवढी जमीन बाजूला काढणं अवघड नाही. तमिळनाडू कृषी विद्यापीठात पीक उत्पादनाच्या प्रात्यक्षिकात प्रत्येक विद्यार्थ्याला किमान २०० चौरस मीटर जमीन देऊन मशागतीपासून काढणीपर्यंतची सगळी कामं त्यानेच करावीत, असं अभ्यासक्रमातच लिहिलं आहे. २०० चौरस मीटर म्हणजे आपले जवळपास दोन गुंठेच.

या दोन गुंठ्यांत मुलांना काय मिळेल? एकरी तीस किलोप्रमाणे दीड किलो सोयाबीन पेरायचं. पंचेचाळीस बाय पाच सेंटिमीटरवर धरलं तर नऊ हजारांच्या आसपास झाडं. एकरी आठ क्विंटलचा उतारा पडला, जो कोरडवाहूत वाईट नाही, तर चाळीस किलो. २०२५-२६ चा हमीभाव ५,३२८ रुपये क्विंटल, म्हणजे साधारण दोन हजार एकशे तीस रुपये. यातून बियाणं, खत, औषध वजा. स्वतःच्या मजुरीचे तास लिहून ठेवलेले असतील तर तेही वजा. आणि हा भाव मिळाला तर. ओलावा जास्त निघाला म्हणून खरेदी केंद्रावरून परत पाठवलं, आणि आडतीत चार हजारांच्या आसपासच बोली लागली, तर वहीतला शेवटचा आकडा काय येईल? चार महिने राबून हातात आलेला तो आकडा बघितल्यावर कृषी अर्थशास्त्राच्या तासाला तो मुलगा वेगळे प्रश्न विचारेल. ते प्रश्न विद्यापीठाला हवे आहेत.

प्रक्षेत्राची अडचण मला समजते. विद्यापीठांच्या जमिनीवर वाणांचं मूळ (पैदासकार) बियाणं तयार होतं, चाचण्या लागलेल्या असतात, प्रक्षेत्राला उत्पन्नाचं उद्दिष्ट असतं. मजुरांची, कर्मचाऱ्यांची, प्राध्यापकांची पदं मोठ्या संख्येने रिकामी आहेत. विद्यार्थ्यांच्या हाती रान दिलं की उत्पन्न घटेल, ही भीती खोटी नाही. याच रानांनी आम्हाला काय दिलं तेही मी विसरत नाही. मोहोळच्या केंद्रावर निवडलेली मालदांडी आजही रब्बीत आमच्या ताटात आहे. बदनापूरची बीडीएन ७११ तूर, राहुरीचा भगवा डाळिंब, वेंगुर्ल्याचे काजू, हे सगळं अशाच प्रक्षेत्रांवरून आलं. म्हणून संशोधनाची एक ओळही हलवू नका, असंच मी म्हणेन. विद्यार्थ्यांचं प्रक्षेत्र वेगळं काढा. त्याला उत्पन्नाचं उद्दिष्ट लावू नका. एखाद्याचं पीक गेलं तर ते जाऊ द्या, आणि का गेलं ते त्याला लिहू द्या. मूल्यमापन उताऱ्यावर करू नका, नाही तर मुलं पोत्याने युरिया टाकतील. मूल्यमापन रोजच्या नोंदवहीवर करा : काय दिसलं, काय ठरवलं, का ठरवलं, पुढे काय झालं. अशी नोंदवही सीनियरकडून उतरवता येत नाही, कारण त्याच्या तुकड्यात पडलेला पाऊस वेगळा होता.

शिकवायला माणसं कुठून आणायची? एक सुचवते. प्रत्येक जुन्या महाविद्यालयाच्या प्रक्षेत्रावर निवृत्त झालेले किंवा निवृत्तीला आलेले मजूर आहेत. वाफसा आला की नाही हे ते ढेकूळ मुठीत दाबून सांगतात. पाभरीवर किती दाब द्यायचा, कोळपं झाडाच्या मुळाला न लागता कसं काढायचं, विळ्याला धार कशी लावायची, हे त्यांच्याइतकं कुणाला येत नाही. त्यांना मानधन देऊन प्रात्यक्षिकाचे शिक्षक म्हणून नेमा, आणि वेळापत्रकात त्यांचं नाव छापा. पदवी नसलेल्या माणसाकडून शेती शिकायची सवय मुलांना पहिल्या वर्षीच लागली, तर पुढे रावेला गावात आल्यावर ती नुसती शिकवायला येणार नाहीत, शिकायलाही येतील.

विनाअनुदानित महाविद्यालयांबद्दल वेगळं लिहायला हवं. राज्यात ती बरीच झाली आहेत आणि त्यातली काही खरोखर चांगली चालतात. पण संलग्नतेसाठी दाखवलेली जमीन आणि मुलांना दिसणारी जमीन यांत कितीतरी ठिकाणी फरक आहे. माझ्या नात्यातली एक मुलगी अशाच एका महाविद्यालयात शिकली. इमारतीमागे खडकाळ माळ होता, त्यावर नावाच्या पाट्या होत्या : रोपवाटिका, गांडूळखत प्रकल्प, फळबाग. समिती यायच्या आदल्या आठवड्यात पिशवीतली रोपं बाहेरून आणून मांडली गेली आणि समिती गेल्यावर परत गेली. ती मुलगी आज चांगल्या ठिकाणी नोकरी करते, पण कलम बांधायला येत नाही, याची तिला अजून खंत वाटते. भरलेल्या फीचा तरी विचार व्हायला हवा होता. म्हणून विनंती आहे की तपासणी समित्यांनी सातबारा बघावाच, पण त्याहून आधी विद्यार्थ्यांचे तुकडे बघावेत. न कळवता, ऑगस्टमध्ये जावं. पिकात उभं राहून कोणत्याही पाच मुलांना त्यांची नोंदवही मागावी. तेवढ्याने सगळं कळतं.

अनुभवाधारित शिक्षणाला मी नावं ठेवणार नाही. शेवटच्या सत्रात मुलं अळिंबी (मशरूम) लावतात, रोपवाटिका चालवतात, दूध प्रक्रिया करतात, माल स्वतः विकतात आणि नफ्यात वाटा घेतात. त्यातून उभे राहिलेले उद्योजक मला माहीत आहेत. पण ते शेवटी येतं. तोवर मुलाचं शेतीशी नातं ठरून गेलेलं असतं. शिवाय अळिंबीच्या खोलीत पाऊस पडत नाही. कोरडवाहू शेतीतला मुख्य प्रश्न, म्हणजे हातात नसलेल्या गोष्टीवर निर्णय घ्यायचा, तो तिथे येत नाही.

आपल्यापैकी काही जण म्हणतील, मुलांनाच हे नको आहे. पहिल्या दिवसापासून ती राज्यसेवेची नाही तर बँकेतल्या कृषी अधिकारीपदाची तयारी करतात, ग्रंथालयात बसायला वेळ मागतात. खरं आहे, आणि मी त्यांना दोष देत नाही. घरी तीन एकर, दोन भाऊ, त्यांनी नोकरी बघू नये तर काय करावं? पण तीच मुलं उद्या सहायक कृषी अधिकारी होऊन अतिवृष्टीचे पंचनामे करणार आहेत. बँकेत बसून पीक कर्जाच्या फायली बघणार आहेत, विमा कंपनीत जाऊन नुकसानीची टक्केवारी ठरवणार आहेत. काढून ठेवलेलं सोयाबीन पावसात भिजलं की शेंगेतच कोंब येतात, वरून ढीग चांगला दिसतो आणि आतून हाताला ऊब लागते. ढिगात हात घालून बघायला पाहिजे हे ज्याला माहीत आहे, असा अधिकारी आम्हाला हवा आहे. नोकरीला जाणाऱ्याला दोन गुंठ्यांची गरज कमी नाही, उलट जास्त आहे. शेती करणाऱ्याला पुढे आयुष्यभर शिकायला मिळतं, नोकरीला जाणाऱ्याला मात्र ही एकच संधी आहे.

मुलींबद्दल एक सांगायचं राहून जाऊ नये. कृषीच्या वर्गांत आता मुली मोठ्या संख्येने आहेत. आमच्या भागात बाई जन्मभर रानात राबते, पण काय पेरायचं हे क्वचितच तिला विचारलं जातं, आणि सातबारावर तिचं नाव बहुतेक वेळा नवरा गेल्यावरच चढतं. महाविद्यालयाच्या प्रक्षेत्रावर एखाद्या मुलीच्या नावाची पाटी लागेल, 'या तुकड्याचे निर्णय हिचे' असं सगळ्यांसमोर ठरेल, तर कित्येकींच्या आयुष्यात असं पहिल्यांदाच घडेल. प्रात्यक्षिकात मुलांनी पंप पाठीवर घ्यायचा आणि मुलींनी नोंदी लिहायच्या, ही वाटणी मी अजूनही बघते. स्वतंत्र तुकडे दिले की ती आपोआप मोडेल.

महाराष्ट्रात शिकता शिकता राबण्याची परंपरा थोडी नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 'कमवा आणि शिका' म्हणत साताऱ्यात जी वसतिगृहं आणि महाविद्यालय उभं केलं, तिथली मुलं श्रम करून शिकली आणि पुढे मोठमोठ्या पदांवर गेली. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मॅन शंभर वर्षांपूर्वी जवळच्या पिंपळे सौदागर गावात जाऊन बसले. एकेका शेताची मापं, कुटुंबाचा जमाखर्च, कर्ज, सगळं नोंदलं. १७७१ साली चाळीस एकर असलेलं सरासरी धारणक्षेत्र १९१५ च्या सुमारास सात एकरांवर आलं होतं, हे त्या कामातून पुढे आलं आणि १९१७ साली छापून निघालं. आज तिथे इमारती आहेत, पण त्या गावची शेती कशी होती हे आपल्याला कळतं ते एका प्राचार्याने रानात पाय मळवले म्हणून. आमच्या गावची अशी नोंद रावेच्या इतक्या तुकड्या येऊन गेल्या तरी कुणाकडे नाही. त्यांच्या अहवालांत गावाची लोकसंख्या आणि पर्जन्यमान असतं, तेही मागच्या वर्षीच्या अहवालातलं.

म्हणून पुढच्या शैक्षणिक वर्षापुरतं हे करता येईल. द्वितीय आणि तृतीय वर्षाची सत्रं जूनच्या पहिल्या पंधरवड्यात सुरू करा, परीक्षा मे महिन्यात संपवा. त्यासाठी प्रवेशप्रक्रियेला हात लावावा लागत नाही, कारण ही मुलं आधीच आपल्याकडे आहेत. तुकड्यांचं वाटप एप्रिलमध्ये चिठ्ठ्या टाकून करा, म्हणजे उन्हाळ्याची नांगरट, मातीचा नमुना आणि शेणखत यांची जबाबदारी विद्यार्थ्याची राहील. सकाळी सात ते नऊ हा वेळ रोज प्रक्षेत्राचा ठेवा, बाकीचे तास नंतर. दिवाळीत तुकड्यांची राखण गटाने आळीपाळीने करावी, आम्ही शेतकरी तेच करतो. पिकलेला माल विद्यार्थ्यांनीच विकावा आणि पैसे त्यांनाच मिळावेत. पहिल्या वर्षी उशिरा येणाऱ्यांना रब्बीची ज्वारी किंवा हरभरा द्या. ऑक्टोबरात पेरून फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणी, त्यांच्या प्रवेशाच्या वेळेला ते बरोबर बसतं.

चारही विद्यापीठांत एकदम नको वाटत असेल, तर प्रत्येक विद्यापीठाने एका घटक महाविद्यालयात यंदा करून पाहावं. दापोलीला भात असेल, अकोल्याला कापूस, राहुरीला कांदा. पिकं आपापली ठरवा.

ज्या महाविद्यालयांकडे खरंच जमीन नाही, त्यांच्यासाठी आमच्या गावातले काही शेतकरी बांधालगतचे दोन-दोन गुंठे एका हंगामासाठी द्यायला तयार आहेत. भाडं नको. विहिरीचं पाणी पाळीप्रमाणे मिळेल, रात्रीची वीज असली तर मुलांनाही आमच्याबरोबर रात्री यावं लागेल. नांगरट मे संपायच्या आत व्हायला हवी, म्हणून आपला होकार किंवा नकार एप्रिलअखेर कळवावा, ही विनंती.

आपली,
एक कृषी पदवीधर शेतकरी
परभणी जिल्हा